मागाजवळ ओढलेली काडी

बाई, मागच्या आठवड्यात मुलीबरोबर नागपूरला हातमागाच्या प्रदर्शनात गेले होते. एका दुकानदाराने साडीच्या काठाचा धागा ओढला, खिशातून लायटर काढला आणि म्हणाला, "मॅडम, जळून राख होईल, मग विश्वास ठेवा." लायटरचा खटका वाजला आणि मी मुलीचा दंड इतक्या जोरात मागे खेचला, की तिच्या हातावर माझी बोटं उमटली. तिला घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसले. मुलीने विचारलं, काय झालं आई? मी म्हटलं, गर्दीत गुदमरलं. तिला काही माहीत नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्याशी तरी मी त्या दिवसाबद्दल कुठे धड बोलले? म्हणून आज लिहायला बसले आहे.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. आर्वीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, आणि वर्ध्याला तुमच्या खादी केंद्रात दोन वर्षं विणकाम-रंगकाम शिकलेली. वडिलांचं आर्वीत कापडाचं दुकान होतं, टेरिकॉट, सुटिंग-शर्टिंग, लग्नाच्या साड्या. त्यांना माझं खादी शिकणं म्हणजे पोरखेळ वाटायचा. पण तुम्ही मला पाहुण्यांच्या फेरीसाठी निवडलंत आणि मी हरखून गेले. हिवाळ्यात वर्ध्याला लांबलांबचे लोक आश्रम पाहायला यायचे. त्यांतल्या हौशी लोकांना रविवारी मेटॅडोरमध्ये बसवून आधी बुरडांच्या गल्लीत, मग आपल्या केंद्रावर आणि शेवटी विक्रीच्या खोलीत न्यायचं, हे तुम्हीच सुरू केलेलं. "आधी पाहा, मंग घ्या," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. सूप विकत घ्यायच्या आधी बांबू कसा चिरतात ते त्यांनी पाहिलंच पाहिजे, चादर घ्यायच्या आधी मागावर चार बोटं तरी कापड विणताना पाहिलंच पाहिजे. मला इंग्रजी येत होतं म्हणून बोलायचं काम माझं.

आणि एक काम तुम्ही मला मोठ्या विश्वासाने दिलं होतं. धागा जाळून दाखवायचं. शुद्ध सूत भुर्रकन जळतं, कागद जळाल्यासारखा वास येतो, चिमटीत चुरली की राख उडून जाते. त्यात पॉलिस्टर असेल तर ते वितळतं, टोकाला काळी टणक गोळी धरते. तुम्ही मला हे शिकवलंत तेव्हा अंगणात पाण्याचं घमेलं ठेवलं होतं. "आत काडी ओढायची नाई. कितीबी घाई असो. आत सगळी रुई उडते, पोरी, दिसत नाई पन हवेतबी रुईच हाय." मी मान हलवली होती. ते शब्द मला आजही तसेच्या तसे ऐकू येतात.

त्या रविवारी नऊ पाहुणे होते. बुरडांच्या गल्लीत सगळे खुशीत होते. दोन परदेशी बायकांनी इतक्या टोपल्या घेतल्या की मेटॅडोरच्या टपावर बांधाव्या लागल्या. केंद्रावर आल्यावर तुम्ही बहुतेकांना परसात रंगाच्या कढयांकडे घेऊन गेलात. डाळिंबाच्या सालीचा रंग उकळत होता, त्याचा तुरट वास मागाच्या खोलीपर्यंत येत होता. माझ्याबरोबर खोलीत त्या दोघी परदेशी बायका आणि पुण्याचे एक म्हातारे गृहस्थ आले. ते जन्मभर गिरणीत कापडखात्यात होते, असं त्यांनी गाडीत सांगितलं होतं. खड्ड्याच्या मागावर केंद्रातल्या विणकर मावशी बसल्या होत्या, पाय खाली खड्ड्यात, हात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर. साठी उलटलेल्या, कानाने जरा कमी. शेजारी टोपलीत कातायच्या कापसाचे पेळू, भिंतीशी सुताच्या गुंड्या.

त्या गृहस्थांनी विणलेल्या कापडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, "हे शंभर टक्के सूत नाही."

बाई, मी घाबरले ते तेव्हाच. कारण मला ते आठवडाभर आधीच कळलं होतं. कातणाऱ्यांकडून सूत कमी पडलं म्हणून केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी बाहेरच्या व्यापाऱ्याकडून गुंड्या मागवल्या होत्या. त्या उचलून ठेवताना माझ्या बोटांना वडिलांच्या दुकानातला गुळगुळीतपणा लागला होता. लहानपणापासून ज्या ताग्यांवर लोळले ते माझ्या बोटांना कसं कळणार नाही? पण तुम्ही त्या गुंड्या हातात घेऊन "बारीक हाय, चांगलं हाय" म्हणाला होतात. दुकानदाराची पोर तुम्हाला सूत शिकवायला निघाली असं वाटेल, म्हणून मी गप्प राहिले. आणि आता हा माणूस माझ्याकडे पाहत होता, त्या दोघी बायकाही पाहत होत्या, आणि केंद्राच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'शुद्ध' लिहिलेलं होतं.

"बाईंना विचारून सांगते," एवढं म्हणायला काय हरकत होती? अंगणात पाच पावलं चालायला काय हरकत होती? मी गुंडीतून दोन धागे तोडले आणि तिथेच, मागाजवळ, काडी ओढली. माझ्या बोटांचं चुकलं असेल, राख होईल, अशी मी देवाला विनवणी करत होते.

धागा जळाला नाही, आकसला. टोकाला काळा, चकाकता थेंब धरला आणि तो पेटलेलाच खाली पडला. पेळूंच्या टोपलीत. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी दिसतं. टोपली पेटत नाही, ती एकदम उजळते. ज्वाळा जमिनीवरच्या रुईवरून पाण्यासारखी पसरते, मागाच्या लाकडावर चढते, ताण्याच्या उभ्या धाग्यांवरून पलीकडे धावते. परदेशी बायका किंचाळत बाहेर जातात. आणि मावशी खड्ड्यात आहेत. त्यांना उठता येत नाही. समोर मागाचं लाकूड, मागे भिंत, पाय खाली अडकलेले, आणि त्या माझ्याकडे पाहतात, आग कुठून आली हे अजून न कळलेल्या डोळ्यांनी. मी काय करते? मी हातात अर्धी जळलेली काडी धरून उभी आहे. माझे पाय हलत नाहीत. ते गृहस्थ मावशींच्या एका काखेत हात घालून ओढत आहेत आणि मला ओरडून सांगत आहेत, दुसरी बाजू धर. मी धरत नाही.

तुम्ही धावत आलात. कढईतून काढलेलं पिवळं ओलं कापड तुमच्या खांद्यावर होतं, वाफाळत. ते तुम्ही मागावर टाकलंत आणि पेटलेलं लाकूड दोन्ही हातांनी धरून बाजूला सारलंत, नुसत्या हातांनी. मावशींना तुम्ही दोघांनी वर काढलं. त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत जळालं होतं. मग परसातले लोक बादल्या घेऊन आले. आग विझली तोवर माग, ताणा, विणलेलं कापड, सगळ्या गुंड्या, काही उरलं नव्हतं.

अंगणात सचिव स्कूटरवरून उतरले तेव्हा तुमचे तळहात तुम्ही पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसला होतात. त्यांनी विचारलं, "आत काडी कोणी ओढली?" मी तोंड उघडलं की नाही, मला आठवत नाही. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "म्या ओढली."

दवाखान्यात मी तुम्हाला चमच्याने वरण-भात भरवत होते. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. शेजारच्या खाटेवर मावशी झोपल्या होत्या, त्यांच्या पोटऱ्या भाजल्या होत्या पण जीव वाचला होता. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि विचारलंत, "अंगनात काऊन नाई गेली?"

"ते घाई करत होते, बाई." हे खोटं होतं. त्यांनी कसलीच घाई केली नव्हती.

"कोणाले काई सांगू नोको. तुयं अजून लग्न व्हायचं हाय. मायं काय, माया संसारच हे केंद्र हाय." मला वाटलं संपलं. पण तुम्ही मान वळवलीत. "धागा कसा जळला ते सांग. राख झाली ना?"

बाई, तुम्ही ते ज्या चेहऱ्याने विचारलंत, ते मी कधी विसरणार नाही. रागाने नाही. आपलं माणूस वाचलं ना असं कुणी डॉक्टरला विचारावं, तसं.

"राख झाली, बाई," मी म्हटलं.

तुम्ही डोळे मिटलेत. "मंग ठीक हाय."

त्यानंतरचे दोन महिने मी स्कूटरचा आवाज आला की न्हाणीत जाऊन कडी लावून बसायची. पोलीस येतील, सचिव वडिलांना बोलावतील, मावशी सांगतील. मावशींनी काही सांगितलं नाही. बरं वाटल्यावर त्या जाम गावी लेकीकडे गेल्या, हायवेवर जावयाचं भज्यांचं दुकान होतं तिथे बसायला लागल्या. पुन्हा मागाला त्यांनी हात लावला नाही. मग पुण्याहून त्या गृहस्थांचं पत्र आलं. सूत भेसळीचं होतं, जळताना त्याची गोळी झालेली मी स्वतः पाहिली, असं त्यांनी लिहिलं होतं. काडी कोणी ओढली ते लिहिलं नव्हतं. तेवढं त्यांनी मला सोडलं.

संस्थेच्या बैठकीत सतरंजीवर वीस-पंचवीस जण होते, मी दाराशी. सचिवांनी पत्र वाचलं. सूत आपणच मागवलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही. पारखायचं काम बाईंचं होतं, असं मात्र दोनदा म्हणाले. तुम्ही उठून उभ्या राहिलात. हातांच्या पट्ट्या निघाल्या होत्या, उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती ती वळलीच. "म्या सोता जाळून पाह्यलं. राख झाली. मी तीस वरसं सूत पारखून राह्यली, मले राख अन् गोळी समजत नाई काय?" कुणीतरी मागून हसलं. सचिव म्हणाले, "मग पाहुणे खोटं बोलतात का, बाई?" तुम्ही म्हणालात, "त्याहिचं ते जानोत. मी पाह्यलं ते सांगतो." तुम्ही काहीच पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांवर विसंबून तुम्ही पंचवीस माणसांसमोर उभ्या होतात. एकदा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पाहिलं.

फेरी बंद झाली. विक्रीची खोली तुमच्याकडून काढून घेतली, तुम्हाला कोठारात बसवलं. बाजारात लोक म्हणायचे, खादीच्या नावाखाली मिलचा माल खपवणारी बाई हीच. वर्षभरात तुम्ही केंद्र सोडलंत आणि घरी मुलींचा शिवणवर्ग काढलात. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून एक चादर आणून दिलीत, मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवलेली, लालसर. आईने तुम्हाला चहा केला. तुमची बोटं कप धरेनात म्हणून तुम्ही बशी दोन्ही तळहातांत धरून प्यायलात. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "भेव नोको ठेवू मनात. सुखानं राहाजो." तुम्हाला सगळं कळलं होतं का? की सासरी जाणाऱ्या कुठल्याही मुलीला म्हणतात तसं तुम्ही म्हणालात? मी तेव्हा विचारलं नाही. ती चादर मी अंथरली नाही कधी, पेटीत आहे.

नंतर तुम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात आहात असं कळलं, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. मी दुपारच्या एसटीने निघाले. दीड तासाच्या रस्त्यात वाक्यं जुळवत होते. बाई, राख झाली नव्हती. बाई, गोळी झाली होती, तुम्ही माझ्यासाठी खोट्या ठरलात. वॉर्डात तुमची भाची स्टुलावर बसली होती. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होतात, खूप लहान दिसत होतात. भाची म्हणाली, "रोज तुमचं नाव घेते. उठवू काय? तुमाले पाहून बरं वाटन तिले."

मी म्हटलं, "नको, झोपू द्या. मी रविवारी परत येते." पाच मिनिटं बसले आणि उठले. रविवारच्या आधीच तुम्ही गेलात.

भाचीला वाटलं, मी किती समजूतदार. तुमची झोप मोडू नये म्हणून नको म्हणाले. तसं नव्हतं, बाई. तुम्ही झोपलेल्या दिसलात आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वॉर्डाच्या दारातून बाहेर पडताना मी जवळजवळ धावत होते, आणि मला बरं वाटत होतं.