सोनपेठच्या मेथीचा एकच भाव

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन विभाग,
गोदामध्य विद्यापीठ, परभणी परिसर.

विषय : लघुप्रबंधातील मेथीचे भाव खरोखरच सारखे असल्याबाबत व तेवढ्या कारणावरून अर्जदारास अपात्र न ठरविणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. २१ एप्रिल २०२५ (आकडेवारी बनावट असल्याबाबत)
२) आपले पत्र दि. १९ मे २०२५ (आकडेवारी बनावट नसल्यास तीही हरकतीची असल्याबाबत)

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते की, मी सविता योगीराज जोगदंड, वय ३६, रा. सोनपेठ, एम. ए. (उपयोजित अर्थशास्त्र) या अभ्यासक्रमाच्या अंतिम सत्राची विद्यार्थिनी आहे. मध्ये दोन वर्षे सासऱ्यांच्या आजारपणात गेल्याने पदवी पूर्ण करण्याची माझी कमाल मुदत याच सत्रात संपते. लघुप्रबंध नामंजूर झाल्यास मला प्रथम वर्षाच्या प्रथम पाठापासून सुरुवात करावी लागेल. माझी मुलगी साक्षी यंदा दहावीला आहे. आम्ही दोघी एकाच टेबलावर अभ्यास करतो. तिच्या आधी मी पास व्हावे, अशी माझी साधी इच्छा आहे.

माझ्या लघुप्रबंधाचा विषय "आठवडी बाजारात एकाच वेळी एकाच भाजीचे वेगवेगळे भाव का असतात" असा होता व तो आपल्याच समितीने मंजूर केला होता. त्यासाठी मी गेल्या नोव्हेंबरपासून बावीस आठवडे सोनपेठच्या बाजारात मेथी विकणाऱ्या एकोणीस महिलांकडे जाऊन, सकाळी दहा व दुपारी चार वाजता, मेथीच्या जुडीचा भाव लिहून घेतला. पहिले सहा आठवडे अभ्यास अतिशय उत्तम चालला. भावांत एवढी तफावत मिळाली की माझ्या मार्गदर्शकांनी मला दोनदा शाबासकी दिली. बाजाराच्या वरच्या टोकाला जी जुडी वीस रुपयांना होती, तीच खालच्या टोकाला, म्हणजे माझ्या पावलांनी एकशे चाळीस पावलांवर, गोजरबाई आठ रुपयांना देत होत्या. गोजरबाईंचे वय सत्तरच्या आसपास आहे. त्या जागा सोडून उठत नाहीत, कारण उठले तर जागा जाते.

सातव्या आठवड्यात पुढीलप्रमाणे घडले. भाव लिहून झाल्यावर गोजरबाईंनी मला बसवून घेतले व विचारले, "बाई, तू समद्यांला इचारायलीस अन् लिहायलीस. मग मला बी सांग की, त्या टोकाला मेथी कशी चाललीय?"

या प्रसंगी काय करावे, याचे उत्तर मी मनाने दिलेले नाही. विद्यापीठाच्या छापील संमतीपत्रातील कलम चार असे आहे : "उत्तरदात्याने अभ्यासाविषयी प्रश्न विचारल्यास संशोधकाने त्यास खरे उत्तर द्यावे." मी खरे उत्तर दिले. मी म्हणाले, वीस.

गोजरबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग त्यांनी विचारले, "आजच का रोज?" मी वही उघडून मागचे सहाही आठवडे वाचून दाखवले. त्यांनी जुड्यांवर पाणी शिंपडले, गोणपाट सारखे केले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पंधरा सांगितले. ते गिऱ्हाईक बाजारपेठेतील खानावळीचे मालक श्री. रविकांत हे होते. ते गेली अकरा वर्षे त्यांच्याकडून आठ रुपयांनी मेथी नेत. त्यांना ती चेष्टा वाटली. गोजरबाईंना मी त्यापूर्वी कधी हसताना पाहिले नव्हते. त्या दिवशीही त्या हसल्या नाहीत, हे येथे नमूद करते.

आठव्या आठवड्यात चौदा जणींनी मला तोच प्रश्न विचारला. कलम चार सर्वांना सारखेच लागू असल्याने मी चौदा जणींना उत्तर दिले. नवव्या आठवड्यात त्यांनी वेळ वाचावा म्हणून मला मधोमध उभे करून सगळे भाव मोठ्याने वाचायला लावले. बाराव्या आठवड्यापासून सकाळी दहा वाजता एकोणीस ठिकाणी एकच भाव होता. वीसवाली खाली आली. आठवाली वर गेली. सरासरी भाव पूर्वीपेक्षा चाळीस पैशांनी वाढला, एवढाच काय तो फरक पडला. भाव एकमेकांपासून किती लांब आहेत हे ज्या आकड्याने मोजतात, ते प्रमाण विचलन, शून्य आले. मी ते तीनदा काढले. चौथ्यांदा साक्षीने काढले. तेव्हाही शून्यच आले. तक्ता क्र. ४.७ मध्ये तो जसाच्या तसा दिलेला आहे.

त्यावर संदर्भ क्र. १ चे पत्र आले की, प्रत्यक्ष बाजारात शून्य विचलन अशक्य असून आकडेवारी घरी बसून लिहिलेली दिसते. मी सुनावणीस हजर राहिले. मी वरील हकिकत सांगितली. बाह्य परीक्षकांचे नाव नियमानुसार गोपनीय असल्याने त्यांची नावपाटी उलटी ठेवलेली होती. त्या उलट्या पाटीमागील महोदयांनी मला विचारले, "म्हणजे तुम्ही विक्रेत्यांची संगनमताची टोळी बांधली?" मी म्हणाले, मी फक्त भाव वाचले. ते म्हणाले, "तेच ते." त्यानंतर संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्याचा आशय मला समजला तो असा की, आकडे खोटे असतील तर मी अपात्र आहे, कारण ते खोटे आहेत. आणि खरे असतील तरी अपात्र आहे, कारण ते माझ्यामुळे खरे झाले.

श्री. रविकांत यांनी दरम्यान माझ्याविरुद्ध विद्यापीठाकडे लेखी तक्रार केली की, "सदर बाईंमुळे सोनपेठात मेथी कुठेही गेले तरी एकाच भावाने मिळत आहे." भाव सारखे असल्याचा हा एकमेव त्रयस्थ लेखी पुरावा असल्याने मी तो ग्राह्य धरण्याची विनंती केली. तक्रार व्यापारी स्वरूपाची असल्याने ती अभिलेखावर घेता येत नाही, असे मला तोंडी कळविण्यात आले.

समितीच्या सूचनेवरून मी जूनमध्ये दुसऱ्या बाजारात, कोणास काही न सांगता, नव्याने आकडेवारी घेण्यास गेले. वालूर येथे पोहोचताच पहिल्याच विक्रेत्या कमलबाई मला म्हणाल्या, "तुमीच का त्या भाववाल्या बाई? बसा. आमचा बी समद्यांचा एकच हाय." कमलबाई या गोजरबाईंच्या भाच्याच्या पत्नी असून फोनवर रोज बोलतात, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्यानंतर मी रेल्वेने चुडावा येथे गेले. तेथे दोन ठिकाणी दोन वेगवेगळे भाव मिळाले व मला फार आनंद झाला. जवळ जाऊन पाहता एकीकडे मेथी व दुसरीकडे कोथिंबीर होती.

यापुढील परिच्छेद मी लिहावा की नाही, याचा विचार करण्यात या अर्जास नऊ दिवस उशीर झाला आहे. माझी अडचण सोनपेठच्या बाजारात कळली. कशी कळली ते मला माहीत नाही, मी कोणालाही सांगितले नव्हते. गोजरबाईंनी मला बोलावून घेतले. चार-पाच जणी आपापल्या जागा सोडून तेथे आल्या होत्या. जागा सोडणे म्हणजे काय, हे मी वर लिहिले आहे. गोजरबाई म्हणाल्या, "तुला येगळे येगळे भाव पायजेत म्हणं. मग त्यात काय अवघड हाय? आमी सांगताव, तू लिही. हिचा बारा. हिचा अठरा. माझा आठच लिही, मला सवय हाय त्याची."

महोदय, मी लिहिले. माझ्या हातात पेन होते व मुदतीला अठ्ठावीस दिवस उरले होते. मी सात नोंदी लिहिल्या. त्या अतिशय खऱ्या वाटत होत्या. अशा एकोणीस नोंदी असत्या तर विचलन सुमारे चार आले असते व माझा लघुप्रबंध निश्चितपणे मंजूर झाला असता. आठवी नोंद गोजरबाईंची होती. आठ हा आकडा माझ्याच्याने लिहिला गेला नाही. मी सातही नोंदी खोडल्या व म्हणाले, नको. गोजरबाई रागावल्या. "इतकी शिकलीस अन् एक आकडा लिव्हता येईना व्हय?" असे म्हणून त्या आपल्या गोणपाटाकडे वळल्या. त्या खोडलेल्या नोंदींचे पान मी फाडलेले नाही. ते सोबत जोडले आहे. माझ्या संपूर्ण अभ्यासात बनावट आकडेवारी एवढीच आहे.

माझे मार्गदर्शक सज्जन आहेत व त्यांनी माझ्या भल्यासाठी सुचविले की, "टंकलेखनातील चुकीमुळे आकडे सारखे पडले" असे एक माफीपत्र मी दिल्यास काठावरच्या गुणांनी प्रकरण मिटू शकेल. मी त्यांचे आभार मानून नकार दिला. कृपया याचा त्यांना त्रास होऊ नये.

आता या अर्जाच्या मूळ कारणाकडे येते. मागील बाजाराच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, एक गृहस्थ डोक्याला रुमाल बांधून सोनपेठच्या बाजारात आले. मी तेव्हा शेवग्याच्या शेंगा घेत होते. त्या दिवशी पेरणीमुळे दोघी जणी आलेल्या नव्हत्या, सतरा हजर होत्या. सदर गृहस्थांनी वरच्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येकीला मेथीचा भाव विचारला. पुढे जाऊन, पाठ वळवून, खिशातील छोट्या डायरीत काहीतरी लिहिले, व पुन्हा पुढचीला विचारले. पावसाळ्यामुळे भाव पंचवीस होता. माझ्या उपस्थितीचा परिणाम होऊ नये म्हणून मी शेंगांच्या ढिगामागे खाली बसून राहिले. काही जणींशी त्यांनी घासाघीसही केली. एकीला त्यांनी, पलीकडे वीसने मिळते, असेही सांगून पाहिले. ती म्हणाली, "मग तिकडूनच घ्या, अन् मला बी दाखवा कोण देतंय ते."

शेवटी ते गोजरबाईंपुढे आले. भाव ऐकून त्यांनी तोही डायरीत लिहिला व डायरीची पाने पुन्हा पहिल्यापासून चाळली. गोजरबाई त्यांना म्हणाल्या, "सायेब, भाव एकच हाय. जुडी मातर निवडून घ्या." त्यांनी निवडून दोन जुड्या घेतल्या, पन्नास रुपये दिले व बसस्थानकाकडे निघून गेले.

बाह्य परीक्षकांचे नाव गोपनीय असल्याने ते गृहस्थ तेच होते, असे मी म्हणत नाही. मी सुनावणीत फक्त पाटी पाहिली होती व तीही उलटी होती. परंतु त्या डायरीत सतरा आकडे आहेत. ते मी सुचविलेले नाहीत, मी वाचलेले नाहीत व ते लिहिले जात असताना मी कोणाशी बोललेले नाही. तरी माझी एवढीच विनंती आहे की, ती डायरी मागवून घ्यावी व त्या सतरा आकड्यांचे प्रमाण विचलन विद्यापीठाने स्वतः काढावे.

ते जे काही येईल, ते मला मान्य राहील.

आपल्या गणिताची वाट पाहणारी, नम्र अर्जदार,

(सही)
सविता योगीराज जोगदंड
एम. ए. उपयोजित अर्थशास्त्र, सत्र चौथे
सोनपेठ, दि. २३ जुलै २०२५

सोबत :
१) तक्ता क्र. ४.७ ची प्रत
२) संमतीपत्राचा नमुना, कलम चार अधोरेखित
३) श्री. रविकांत यांच्या तक्रारीची प्रत (अभिलेखावर न घेतलेली)
४) चुडावा येथील कोथिंबिरीच्या भावाची नोंद
५) खोडलेल्या सात नोंदींचे मूळ पान