खुर्चीला बसलेलं कळतं

कराड
रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

आदरणीय दाजी,

हे पत्र ज्या टेबलावर लिहितोय ते टेबल मी केलेलं आहे (जुन्या दाराची फळी, पाय पाण्याच्या पाइपाचे, खिळा एकही नाही, सगळं बोल्टात). वरचा दिवा मी केला, त्याची मान जळक्या टेबलफॅनची. पट्टी मी केली, कारण बाजारातली पट्टी तीस सेंटिमीटरांत एक मिलिमीटर खोटी निघाली. वही मी स्वतः शिवली. खुर्चीही मीच केली, तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल. पेन तेवढं विकतचं आहे. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्याचाही विचार चालू आहे.

जयभीम. इकडे मी आणि दीपमाला ठीक. तिकडे वडूजला अक्काचा गुडघा आणि तुमचा डावा कान कसा आहे ते कळवावं. तुमचा डावा तोफखान्यात गेला, माझा उजवा पंपाच्या मोटारींच्या दुकानात चाललाय. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. बारीक आवाज निम्मे गेलेत आणि उरलेलेही जाणार, दीड-दोन वर्षं म्हणाले. (आलेखाच्या रेघा समान अंतरावर नव्हत्या, ते मी त्यांना सांगितलं.) घाबरण्यासारखं काही नाही. तुमचा उजवा आणि माझा डावा शेजारी शेजारी बसले की एक माणूस नीट ऐकेल.

पण दाजी, तुम्हाला माहीत आहे, मी सातवी पास माणूस. जळक्या मोटारीत नवी तार भरायचं रिवाइंडिंग मला कुणी शिकवलं नाही. एकतीस वर्षं स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ उजव्या कानाला लावून मी शिकलो. मोटार न खोलता तिला काय झालंय ते सांगणारा माणूस कराडात दुसरा असेल तर मला दाखवा. हे सगळं त्या एका कानात आहे आणि कागदावर एक ओळ नाही. म्हणून ठरवलं, कान आहे तोवर रोज एक पान लिहायचं. कुठला आवाज म्हणजे कुठला बिघाड, बस्स. रोज एक पान म्हणजे वर्षाला तीनशे पासष्ट. पुस्तक होतंय.

पहिले अडीच महिने टेबल, दिवा, पट्टी आणि वही यांत गेले. ते वाया गेले असं दीपमाला म्हणते, मी म्हणत नाही. मग माझ्या लक्षात आलं की साहित्य तयार आहे, सवय तयार नाही. आणि माणसाला सवय लागत नसेल तर ती यंत्राला लावावी. मी खुर्ची केली. बैठकीखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली बटण, आणि बटण घरच्या टाकीच्या पंपाला जोडलेलं. भिंतीवरचं जुनं बटण काढून भोक सिमेंटनं बुजवलं. म्हणजे मी लिहायला बसलो तरच घरात पाणी. स्प्रिंग अठ्ठावन्न किलोला लावली. (मी एकसष्ट, दीपमाला एकोणपन्नास. फसवायला जागा ठेवली नव्हती.)

पहिल्या दिवशी सकाळी सहाला बसलो. पंप चालू झाला. सुरुवात कशी करावी याचा विचार करत एक तास पन्नास मिनिटं बसलो आणि "मोटार" हा शब्द लिहिला. तोवर टाकी भरून वाहून पाणी शेजारच्या बनुबाईंच्या पत्र्यावर, तिथून त्यांच्या अंगणात, आणि अंगणात शाळूचे पापड वाळत घातलेले. बनुबाई भिंतीपलीकडून काय काय बोलल्या ते सगळं इथे देत नाही. शेवटचं तेवढं देतो, कारण ते आता गल्लीत म्हण झालंय. "म्हेंदर, बुक लिवतुयास का पाट सोडतुयास रं?"

दोष खुर्चीचा नव्हता, टाकी भरली की पंप बंद करणारा तरंगता गोळा नव्हता. तो मी बसवला. (गोळा मीच केला.) त्यानंतर अकरा दिवस टाकी काठोकाठ, थेंब बाहेर नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी खुर्ची समजावून सांगितली. एका चहावाल्याला तर आकृती काढून दिली. आता हे खरं, की त्या अकरा दिवसांत ऊस पाण्याला आलेला, रोज चार-पाच मोटारी जळून यायच्या, आणि मी साडेपाचलाच दुकानात जात होतो. खुर्चीवर मी बसलो नव्हतो. तरी टाकी भरत होती, आणि तिकडे माझं लक्ष गेलं नाही. बाराव्या दिवशी विसरलेला चष्मा न्यायला परत आलो. खुर्चीवर पन्नास किलो गव्हाचं पोतं बसलेलं, त्याच्या मांडीवर पाटा, आणि पंप मस्त चाललेला.

मी काही बोलायच्या आत दीपमाला म्हणाली, "आवं, तुमच्या खुर्चीला बसल्यालं कळतंय. लिवल्यालं कळत न्हाई."

दाजी, एकतीस वर्षांत माझ्या कामात खोट काढणारं माणूस भेटलं नव्हतं. ती पीठ मळता मळता पुढे म्हणाली, "श्रावणात दाजींची हिरीवरची मोटार आवाज करत हुती, तवा चार पानं एका बैठकीला लिवली की तुमी. तवा कुठली खुर्ची हुती?"

आठवतं का? तुम्ही फोनवर "घूं घूं करतीया" एवढंच सांगितलं होतं, आणि मी दुकानात ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून तुम्हाला चार पानं लिहिली होती. त्या दिवशी दुकानातून तोच डबा घरी आणला. वही उघडली, वर "दाजी," असं लिहिलं, आणि पान भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा "दाजी," आणि पुन्हा पान. बेअरिंग कोरडं पडलं की भाकरीत खडा लागल्यासारखा आवाज येतो. तीनातला एक फेज गेला की मोटार हुंकारते, जोर लावते आणि जागची हलत नाही, रुतलेल्या गाडीच्या रेड्यासारखी. पंपात पाला अडकला की म्हाताऱ्याच्या छातीतल्या कफासारखी घुरघुर. हे माणसाला सांगता येतं, दाजी. नुसत्या कागदाला सांगायला गेलं की "मोटार" या शब्दापुढे गाडी जात नाही.

आज सत्त्याण्णव दिवस झाले. पानं त्र्याण्णव, कोरी चार. कोऱ्या पानावर तारीख आणि कारण लिहितो, पान फाडत नाही. (त्यातल्या एकाचं कारण "आळस" आहे. खोटं लिहिलं नाही.) खुर्चीवर रोज पोतं बसतं, मी डब्यावर बसतो, पाणी आणि पान दोन्ही वेळेवर होतं. म्हणजे खुर्ची यशस्वी आहे.

अक्काला नमस्कार. उजवा कान जपा.

आपला,
महेंद्र

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. श्रावणातलं ते चार पानी पत्र मला परत पाहिजे. पुस्तकाचं पहिलं प्रकरण तेच आहे, आणि मी तीनदा नव्यानं लिहून पाहिलं, तसं उतरत नाही. त्या दिवशी फोन उजव्या कानाला लावला होता आणि तुमच्या घूं घूंमागची मोटारही मला ऐकू आली होती. आता आली नसती.

ता. क. दोन : अक्का आत्ताच फोनवर म्हणाली, ते पत्र तुम्ही विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत घडी घालून ठेवलंय आणि मोटार कुरकुरली की काढून वाचता. असं असेल तर परत पाठवू नका. वडूजच्या स्टँडवर झेरॉक्स काढा, मला झेरॉक्स पाठवा आणि मूळ पेटीत ठेवा. चौथं पान पाठपोट आहे, मागची बाजू विसरू नका.

ता. क. तीन : सांगलीचे यशराजशेठ, पंपांचं मोठं दुकान आहे त्यांचं, गेल्या मंगळवारी घरी आले होते. मी वही पुढे केली. त्यांनी ती पुढून बघितली, मागून बघितली, शिवण चांगली आहे म्हणाले आणि ठेवून दिली. मग त्यांनी पोतं उतरवलं तसा पंप थांबला, आणि ते स्वतः खुर्चीवर बसले. पंप चालू झाला. त्यांचा मुलगा पुण्याला परीक्षांचा अभ्यास करतो आणि एका जागी टिकत नाही. शेठ म्हणाले, खुर्ची मला द्या, आणि वही तिच्याबरोबर तशीच, फुकटात, देऊन टाका. मी दोन्हीला नाही म्हणालो. वहीचा आकडा त्यांनी काढला नाही, मीही विचारला नाही. खुर्चीचा होता रुपये अठरा हजार पाचशे फक्त.