एक जूनच्या मुली

नवीन पनवेल
२ जुलै २००६

ती. ताईस,
गुरुदत्तचा सा. न. वि. वि.

तुझ्या गावाला फोन लागेल तर शपथ, म्हणून हे पत्र. आमच्या संस्थाचालकांना यंदा मुलींचा फुटबॉल संघ हवा आहे, चौदा वर्षांखालचा, आणि तो मी, म्हणजे क्रीडाशिक्षकाने, पैदा करायचा आहे. खारघर-कामोठ्याच्या मुलींना क्लासमधून सवड नाही. एकटी यूम्ना आपणहून आली, तिला गोलात उभी केली. तिची आजी हव्वाबी मैदानात येऊन बजावून गेली की पोरगी इन्शाअल्ला खेळेल, पण पायघोळ पँट घालूनच. मी कशाला नाही म्हणतो! मला अजून दहाजणी हव्या होत्या.

म्हणून तर मे महिन्यात तुझ्या आंबेकोंडला येऊन चार मुली घेऊन गेलो. त्यातली मालू म्हणजे सोनं आहे, ताई. सातवीनंतर वर्षभर घरी बसलेली पोर, पण अनवाणी पायाने असा चेंडू मारते की बघत राहावं. संस्थेचा नियम असा, की स्पर्धेच्या यादीत नाव लागेल तिलाच वसतिगृह आणि दहावीपर्यंत फुकट शाळा. नाव नाही लागलं तर मालू परत घरी. तिची आई चंद्रावती तिला पुन्हा शाळेत धाडणार नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

आता गोंधळ ऐक. चौघींच्या दाखल्यांवर जन्मतारीख एकच, एक जून! यादी तपासणारे साहेब हसून म्हणाले की तुमच्या गावात बाळंतपणाचा मुहूर्त काढतात काय. सालं वेगवेगळी, त्यामुळे बाकी तिघी वयात बसतात. वय येत्या एक जानेवारीला मोजतात, त्यात मालू तेवढी चौदाच्या वर सात महिन्यांनी मोठी ठरते, आणि अंगापिंडाने तीच सगळ्यांत लहान! माझं डोकं चालत नाही. तू तिथली मुख्याध्यापिका, तूच उलगडा कर.

लोभ आहेच, सोबत उत्तरही असावं.

तुझा,
गुरुदत्त

आंबेकोंड
९ जुलै २००६

चि. गुरुदत्तास अनेक आशीर्वाद.

एक जूनचं एवढं नवल कशाला? आईबापांना तारीख ठाऊक नसते, शाळा जूनमध्ये उघडते, मग मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

मालूचं मात्र सोडून दे. चौघींतली जनी चांगली पळते, तिच्यावर मेहनत घे. तारखांच्या भानगडीत पडू नकोस. आणि मैदानात अकराजणी जमवतोस, घरात दुसरं माणूस कधी आणणार आहेस?

तब्येतीस जप, आमची आठवण ठेव.

तुझी,
आशाताई

नवीन पनवेल
१६ जुलै २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जनी पळते खरी, पण चेंडू जातो त्याच्या उलट दिशेला. ते असो. तू कुठल्या मुलीचं 'सोडून दे' म्हणालेली मला आठवत नाही. घराघरांतून मुली ओढून शाळेत आणणारी तू! मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा बुचकळ्यात पडलो.

मालूला सरावातून बाजूला बसवलंय. काल तिने विचारलं की सर, माजं काय चुकलं. मी तिला चेंडूंत हवा भरायला बसवलं.

साहेब म्हणतात की तारीख लिहिणाऱ्यानेच चूक लेखी कबूल केली आणि आईने प्रतिज्ञापत्र दिलं, तर ते नाव घेतील. मुदत एकतीस जुलैपर्यंत. तारीख चुकली आहे का? तू मला सांगत का नाहीस?

रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस.

गुरुदत्त

आंबेकोंड
२५ जुलै २००६

चि. गुरुदत्तास आशीर्वाद.

मालूची तारीख मीच लिहिली, आणि चुकून नाही. त्या वर्षी पटावर एकोणीस मुलं होती. विसावं नाव मिळालं नसतं तर शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेची जागा गेली असती. चंद्रावतीच्या अंगणात पाच वर्षांची मालू खेळत होती. तिला उचलून आणलं आणि सहाची लिहिली. तू अकरा जमवतोस, मी वीस जमवत होते. येत्या मार्चात निवृत्त होते आहे, आता चौकशी लागेल या भीतीने तुला तसं उत्तर लिहिलं. मला लाज वाटते.

कबुली लिहून ठेवली आणि चंद्रावतीकडे गेले. वाटलं, अवघड काम संपलं. कसलं काय! ती प्रतिज्ञापत्राला तयारच होईना. म्हणाली की मी आडाणी, मला काय कलतंय, बाईंनी लिवलंय ता खोटा कसा असंल. मालूला जन्म तिने दिला, पण पोरीचं वय माझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक असेल हे तिला पटेना. मी हात जोडून सांगितलं की बाई खोटं बोलली होती, पोर एका वर्षाने लहान आहे.

तिने माझे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाली की माज्या पोरीसाठी तुमी एवढा खोटा बोलताव, तर मी आई असून मागं कशी ऱ्हाऊ. आणि उठून माझ्याबरोबर तहसील कचेरीत आली.

दोन्ही कागद सोबत आहेत, लगेच साहेबांना दे. माझी चौकशी काय व्हायची ती होवो. हे वाचूनही ताईवर पहिल्यासारखी माया राहिली तर दोन ओळी लिही.

आणि मालूला यातलं काही सांगू नकोस. तिच्या आईने खऱ्या वयाखाली अंगठा उठवलाय, पण खोटं समजून. आनंद करू की रडू, माझं मलाच कळत नाही.

तुझी,
आशाताई