उत्तरा या घरातली आहे

मी, दिनकरराव गोविंदराव पेडगावकर, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षक, राहणार परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. झरी, पेडगाव, मानवतच्या व्यासपीठांवरून आयुष्यभर जे बोललो, तेच इथे सहीनिशी लिहितो आहे.

१. माझी सर्व पुस्तकं झरीच्या वाचनालयाला द्यावीत. ती लोकांना घरी न्यायला मिळावीत. काचेच्या कपाटात कोंडून दरवर्षी माझ्या फोटोला हार घालायचा असेल, तर त्यापेक्षा रद्दीत घाला.

२. टीव्हीवर नाटकं-सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीचं जे सबस्क्रिप्शन माझ्या नावे होतं, ते कोणालाही देत नाही. ते मी बंद केलं आहे. घेतलं तेव्हा जाहिराती नव्हत्या आणि जुनी मराठी नाटकं होती. मुलगी उत्तरा मानवतला, मी इथे; दोघं एकच नाटक लावायचो. अंक संपला की तिचा फोन यायचा, "आबा, तुमी रडलात का न्हाई, खरं सांगा." पुढे नाटकं एकेक करून गायब झाली. त्यांच्या जागी एका बंगल्यात कोंडलेल्या माणसांची भांडणं आली. दर वाढला आणि वरून जाहिराती आल्या. नायक अखेरचं बोलतो आहे आणि मधेच बनियन. माझं भाषण तोडून कोणी मांडवात बनियन विकले असते, तर श्रोत्यांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं असतं. इथे पैसे आपणच भरायचे आणि गप्पही आपणच बसायचं. किळस आली.

तरी उत्तरासाठी चालू ठेवलं होतं. यंदा दिवाळीच्या आधी तिच्या टीव्हीवर सूचना आली: हा टीव्ही तुमच्या घरातला नाही, वेगळे पैसे भरा. तिने हसत फोन केला, "आबा, मला घरातून काढलं का हो?"

जेवताना मी हे सांगितलं. मुलगा मुकुल ताटातून मान वर न करता म्हणाला, "कंपनी काय चूक बोलायली? ताईचं घर मानवतलाच हाय की."

त्याची आई अंबिका म्हणाली, "ती या घरात रांगली रे. कंपनी कुठं रांगली?"

"आई, भावनेचं सोड. पुढं हक्कसोडपत्रावर सही तर करावीच लागंल ना ताईला."

भाऊबीजेला उत्तरा आली. मुकुलने ओवाळणीत भारी साडी घातली आणि तिथेच सहीचा विषय काढला. "करते की, कुठं पळून चाललेय," ती म्हणाली. माहेर तुटू नये म्हणून बहिणी आपल्या वाट्यावर पाणी सोडतात आणि त्याला आपण माया म्हणतो. या मायेची मला कंपनीहून जास्त शिसारी आली. कंपनी निदान आधी साडी तरी नेसवत नाही.

३. परभणीचं घर माझ्या पगारातून बांधलेलं, स्वकष्टार्जित आहे. अंबिका हयात असेपर्यंत तिला त्यात राहण्याचा पूर्ण हक्क राहील. त्यानंतर घर उत्तरा आणि मुकुल यांना निम्मं-निम्मं, असं मी आधी लिहिलं होतं. ते वाचून दाखवल्यावर मुकुल म्हणाला, "आबा, वरचा मजला मी बांधला." ते खरं आहे. म्हणून दुरुस्ती करतो: वरचा मजला मुकुलचा, खालचा मजला आणि अंगण उत्तराचं.

४. उत्तराकडून हक्कसोडपत्रावर जो सही मागेल, त्याचा या मृत्युपत्रातला वाटा रद्द होऊन उत्तराला जाईल. मागणी गोड शब्दांत केली तरी हेच कलम लागू.

मुकुलने विचारलं, "मग ताई इथं येऊन राहणार का?"

"ते विचारायचा हक्क तुला न्हाई," मी म्हणालो.

तिने यावं, न यावं, भाड्याने द्यावं, तिची मर्जी. खालच्या दाराची किल्ली मी आज सकाळी तिला मानवतहून बोलावून तिच्या हातात ठेवली. ती गोंधळून म्हणाली, "आबा, सही कुठं करू?"

मी सांगितलं, किल्लीला सही लागत नाही.

लिहून देणार: दिनकरराव गोविंदराव पेडगावकर (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
भगवानराव कच्छवे, परभणी (सही)
धम्मानंद खिल्लारे, मानवत (सही)

परभणी, दि. १२ नोव्हेंबर २०२५