कानबाईला वर्ष होईल

जळगाव, १२ ऑगस्ट

ती. अक्कास,

मंजुळाचा नमस्कार. आधी हे वाच: चंदन बरा आहे, तू सोनगीरहून धावत येऊ नकोस.

शनिवारी नातवाला ताप-खोकला होता. ज्योत्स्नाबरोबर मीही दवाखान्यात गेले. लसीचं कार्ड घरी राहिलं. सिस्टरने वय विचारलं तर आपली लेक म्हणाली, "कानबाईला वर्ष होईल." सिस्टरने अकरा महिने लिहिले, झबलं वर करून मिनिटभर श्वास मोजले. चव्वेचाळीस. "पन्नासच्या आत आहेत. साधी सर्दी आहे."

मी तोवर भिंतीवरचा तक्ता वाचला होता. वर्षाच्या आत पन्नास, वर्ष झालं की चाळीसपासूनच न्यूमोनिया समजायचा. यंदा अधिक महिन्याने कानबाईचा सण लांबला, पण तारखेने पोराला वर्ष होऊन पाच दिवस झाले होते. हे गेल्या वर्षी पंचवीस जुलैला गेले, आणि यांच्या दहाव्याला चंदन जन्मला. माझी तारीख कशी चुकेल?

मी तसं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्हीच बसा खुर्चीवर!" पण वय खोडलं, पुन्हा मोजलं आणि औषधाचा पहिला डोस तिथेच पाजला.

काल परत दाखवलं. श्वास तीसवर आलेत.

ज्योत्स्नाला फोनवर रागावू नकोस. आपण सगळ्याच सणांवर वय मोजतो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी गोळ्या वेळेवर घेतात ना?

काल जेवताना मी कळण्याची दुसरी भाकरी मागून घेतली. वर्षभरात पहिल्यांदाच. तुला बरं वाटेल म्हणून लिहिते.

तुझी धाकटी,
मंजुळा