चौथ्याची खुर्ची

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझा गुडघा एव्हाना जिना चढू देत असेल. इकडे सगळे बरे. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत.

संस्थेत मात्र महिनाभर कुणाचा कुणावर विश्वास राहिलेला नाही. सूचनाफलकावर कुणीतरी चारोळी डकवली:

पाहुणे आले, फोटो काढले,
तीच चाकखुर्ची तिघांना दिली;
चौथ्याने विचारलं, "बसू का?"
तोवर गाडी निघून गेली.

आधी सगळे पोट धरून हसले, मग एकमेकांकडे बघायला लागले. कारण आमच्या अपंगांना चाकखुर्च्या वाटायच्या कार्यक्रमात घडलं होतं तसंच. संचालक बाईंनी अक्षर जुळवायला प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घेतल्या. चारोळी टाईप केलेली होती, हे त्यांना सांगणार कोण? मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. मलाही प्रत्येकाचा संशय यायचा, की याला कळलंय का.

हो ताई. ती मीच लिहिली होती.

बाईंचा रोख गेला ड्रायव्हरकाकांवर, कारण ते सगळ्यांत मोठ्यांदा हसले होते. गाडीची किल्ली काढून घेऊन त्यांना कोठीत खुर्च्यांचे स्क्रू आवळायला बसवलं. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. माझी नोकरी कच्ची, म्हणून मी तोंड शिवून बसले.

परवा फलकावर दुसरी आली, हाताने लिहिलेली, खाली काकांची सही:

बैठक झाली बैठकीवर,
चहा सांडला फायलीवर;
संशय तुमचा ड्रायव्हरवर,
घ्या, माझी सही या ओळीवर.

मी धावतच कोठीत गेले. "काका, हे काय केलंत?"

"गाडीत तुम्ही बोटांवर अक्षरं मोजत होतात, आरशात दिसलं मला. तुमची नोकरी कच्ची, मी पिकलं पान."

"मग मला तेव्हाच सांगायचं ना."

"बोललो असतो तर लिहिणं सोडलं असतं तुम्ही. मग इथे हसायचं कशावर?"

काल बाईंपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तो चौथा कोण?"

मला पत्ता माहीत होता. आज सकाळी त्याची खुर्ची पोचवून आलो. बाईंनी किल्ली परत दिली होती, गाडी काकांनीच चालवली. परतले तर माझ्या टेबलावर लिफाफा होता: एक तारखेपासून येऊ नये.

घरी अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहावंसं वाटलं.

महिनाभर उशिरा खरं बोललेली,
तुझी बहीण