दोराचा झोळ

८ नोव्हें., शनि., दरेकसा
सकाळच्या गाडीने गोंदियाहून आले. दादाने टेकडीवरच्या आपल्या जागेत झिपलाइनचा दोर चढवलाय. वरचा खांब ते खालचा १६० मी., उतार १२ मी. घर्षण सोडलं तर खाली पोचताना ताशी ५५ किमी. ऐकून दादा खुश. मी नाही. कॉलेजात फिजिक्स शिकवणं वेगळं, यावर माणसं लटकवणं वेगळं.

९ नोव्हें.
धानाचं पोतं सोडून पाहिलं, ८० किलो. मोबाइलच्या व्हिडिओवरून शेवटचा वेग काढला : सेकंदाला ११ मी. ब्रेकला सहा मी. जागा. म्हणजे थांबताना साधारण स्वतःच्या वजनाएवढा झटका. चालेल.
४० किलोचं मात्र खांबापर्यंत पोचलंच नाही. मागे घसरत येऊन मधे लटकलं. दादा वैतागला, "बारके लोकं असेच लटकून रायतील का?"
बजावलं, त्यासाठी दोर ताणू नको. १०० किलोचा माणूस मधोमध, झोळ ४ मी., तर दोरावर टनभर ताण. झोळ निम्मा केला की ताण दुप्पट. खालचा खांब तेवढ्यासाठी बांधलेला नाही.
हो म्हणाला.

१५ नोव्हें., शनि.
ताणलाच. लांबूनच दिसलं. झोळ दोन मी. सुद्धा नाही. माझ्यासमोर ऐटीत पोतं सोडलं. ब्रेक पूर्ण दाबला गेला, पोतं खांबावर आपटून फुटलं. सगळीकडे धान.
"काऊन ताणलास?"
"तू उगाच भिऊन रायली. पुढच्या रविवारी उद्घाटन आहे, लोकाइले बोलावून झालं."
संगीतावहिनी घरातून धावत आली, मागोमाग लेक पिंकी. धान पाहिलं. "त्या पोत्याच्या जागी आपली पिंकी असती तं?" दादा न जेवता निघून गेला. मीही गाडीने परत.

१९ नोव्हें.
वहिनीचा फोन. "ताई, ते कोणासंगच बोलून नाई रायले. दोर ढिला केला म्हनतेत. तुमी एकदा येऊन पाहा ना."

२२ नोव्हें., शनि.
झोळ ४ मी., बरोबर. ब्रेकची जागा दुप्पट केली. पोतं अलगद थांबलं. बारक्यांना बसवणार नाही, हेही कबूल. जरा हलकं वाटलं.
मग खालच्या खांबाच्या बुडाची माती झाडली. काँक्रीटला केसाएवढी भेग. दोर ओढतो त्याच्या मागच्या अंगाला. सुकतानाची, की दोर ताणला त्या आठवड्यातली? कुठल्याही सूत्रात बसत नाही.
"उद्या पयला मीच बसतो," दादा म्हणाला. "सांग, बसू का नाई?"
"थांब."
भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघा मारल्या. भेग रेघेपुढे सरकली, तर उद्घाटन नाही. दोराच्या मध्यावर १०० किलो टांगून ठेवलंय. तिकडे मंडपवाले बांबू रोवून राहिले. दादा खांबाशी उकिडवा, डोळे रेघांवर.
"सरकली का वं?"
मी वाकून पाहते. परत पाहते. "अजून नाही. वजन सकाळपर्यंत राहू दे."